माळ, बांध आणि ओढा : मराठवाड्यातील जैवविविधता गावाच्या हाती कशी राहील?

जैवविविधता हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर सह्याद्रीची जंगले उभी राहतात, नाहीतर ताडोबाचा वाघ. मराठवाड्यातील माणूस मग सहज बोलून जातो, की ते सगळे तिकडे. आमच्याकडे नुसता माळ. आकडेही त्याच्याच बाजूने असल्यासारखे वाटतात. लातूर जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रफळात वनाच्छादनाचा वाटा एक टक्काही भरत नाही. कन्नडकडचे गौताळा औट्रमघाट, धाराशिवजवळचे येडशी रामलिंग घाट, पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य, पैठणच्या नाथसागरावरील जायकवाडी पक्षी अभयारण्य आणि किनवट-माहूरकडचा सागवानी पट्टा एवढी नावे घेतली, की संरक्षित किंवा दाट म्हणावे असे आठ जिल्ह्यांत फारसे काही उरत नाही.

मात्र जंगल हे एकच माप लावले तर मराठवाड्याची मोजणी चुकते. येथील सजीवसृष्टी मुख्यतः जंगलाबाहेर राहते. ती गायरानात आहे, शेताच्या बांधावर आहे, पाणंदीच्या दोन्ही अंगांच्या बोरी-बाभळीत आहे, ओढ्याच्या करंजाखाली आणि पाझर तलावाच्या गाळपेरात आहे. शिवाय ती शेतकऱ्याच्या कणगीत आणि गोठ्यातही आहे. या जागांना वनरक्षक नाही, कुंपण नाही. तेथे रोज कोणी ना कोणी शेळ्या चारतो, सरपण तोडतो, मासे धरतो, भाजी खुडतो. म्हणूनच या जैवविविधतेचे रक्षण बंदोबस्ताने होण्यासारखे नाही. ती वापरणाऱ्या लोकांनी आपापसांत ठरवलेल्या नियमांनीच ते होऊ शकते. गावपातळीवर असे नियम करण्याचा आणि नोंदी ठेवण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, पण तो बहुतेक गावांना ठाऊक नाही. या लेखात आधी येथे राखण्यासारखे काय आहे ते पाहू आणि मग तो अधिकार कसा वापरायचा ते पाहू.

माळ रिकामा नसतो

जैवविविधता तीन पातळ्यांवर मोजतात. एक, वनस्पती-प्राण्यांच्या जाती किती. दोन, एकाच जातीत वाण किती. तीन, त्यांच्या राहण्याच्या जागा किती प्रकारच्या. मराठवाड्याचा विचार करताना दुसरी आणि तिसरी पातळी विसरली जाते, आणि नेमके तेथेच या प्रदेशाचे धन आहे.

वाणांचे उदाहरण घ्यावे. ज्वारी म्हणजे एकच पीक, पण भाकरीसाठी मालदांडी, हलक्या रानात तग धरणारी दगडी, आणि हुरड्यासाठी गूळभेंडी, कुचकुची, सुरती अशी तिची घरे वेगवेगळी आहेत. गूळभेंडीचे दाणे कोवळेपणी गोड असतात आणि चोळले की बोंडातून सहज सुटतात. भाकरीच्या ज्वारीचे असे होत नाही. जनावरांतही तसेच. देवणी गोवंशात वानेरा, शेवरा आणि बालंक्या हे तीन प्रकार रंगावरून ओळखले जातात : तोंडाच्या बाजूला काळेपणा असलेला वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेला शेवरा आणि पूर्ण पांढरा बालंक्या. कंधार भागातील लाल कंधारी, उस्मानाबादी शेळी आणि मराठवाडी म्हैस या जातींचीही देशी जाती म्हणून राष्ट्रीय पातळीवर अधिकृत नोंद आहे. कमी पाणी, कडक ऊन आणि कडब्यावर तगण्याचा गुण या जनावरांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून उतरला आहे. तो एकदा संकरात विरून गेला की पैसे देऊनही परत मिळत नाही.

राहण्याच्या जागांत सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे माळरान. बेसॉल्ट खडकावर वीतभर मुरमाड माती, वर्षात तीन-चार महिने पाऊस, आणि त्यावर पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी यांसारखी गवते. या गवतांच्या मुळांनी माती धरून ठेवलेली असते. गवताच्या बियांवर उंदीर आणि चंडोल जगतात, टोळ-नाकतोड्यांवर तित्तिरांची पिले वाढतात, उंदरांवर खोकड आणि धामण पोसली जाते, आणि सगळ्यांच्या वर लांडगा असतो. खोकड आणि लांडगा यांना दाट झाडी नको असते. लांबवर दिसेल असा मोकळा माळ त्यांना लागतो. सरकारी कागदांत अशा जमिनीला अनेक ठिकाणी पडीक म्हणून नोंदवलेले आहे आणि त्या एका नोंदीने माळाचे जेवढे नुकसान केले, तेवढे दुष्काळानेही केलेले नसावे, असे माझे मत आहे. पडीक म्हटले की ती जागा कशासाठीही मोकळी ठरते : डंपिंगला, खाणीला, सौर प्रकल्पाला, नाहीतर वृक्षारोपणाला.

वृक्षारोपणाबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. राज्यात २०१६ पासून दर वर्षी वाढत्या उद्दिष्टांनी वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या आणि २०१९ साली ३३ कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले. हेतू चांगला होता. पण गवताळ माळावर खड्डे खणून गिरीपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी लावणे म्हणजे जैवविविधता वाढवणे नव्हे. गवत गेले की त्याच्यावर जगणारे पक्षी आणि प्राणी जातात, आणि लावलेली झाडे मार्च-एप्रिलमध्ये पाण्यावाचून वाळली तर गवतही नाही आणि झाडही नाही, अशी अवस्था होते. ज्या जागी मुळात झाडे होती, म्हणजे ओढ्याकाठी, पाणंदीला, बांधावर, देवळाच्या आवारात, तेथे लिंब, करंज, उंबर, जांभूळ, चिंच, हिवर लावावेत. माळाला माळ राहू द्यावे.

वेळ अमावस्येची भज्जी

शेतातील विविधता किती होती आणि किती उरली, हे जोखायला मराठवाड्यात एक सोपी फूटपट्टी आहे. लातूर, धाराशिव आणि आसपासच्या भागांत मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या, बोलीत येळवस, साजरी होते. शेतात कडब्याची कोप करून आत पाच पांडव मांडतात, आणि ज्वारी-बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी असा बेत असतो. या भज्जीत तुरीचे सोले, हरभऱ्याचे घाटे, वालाच्या शेंगा, वाटाणा, भुईमुगाचे दाणे, मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात, गाजर, बोरे आणि चिंचेचा कोळ पडतो. घरोघरी यादी थोडी बदलते, पण जितके जास्त जिन्नस तितकी भज्जी चांगली, हे सर्वांना मान्य असते. पूर्वी यातले बहुतेक जिन्नस त्याच शेतातून आणि बांधावरून यायचे. आज अनेक घरांत ते आठवडी बाजारातून विकत आणावे लागतात. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला बसवून, कोणता जिन्नस कोणत्या सालापर्यंत शेतात होता, एवढे विचारले तरी गावाच्या पीकविविधतेचा इतिहास हाती येतो.

ही विविधता का आटली याची कारणे गूढ नाहीत. पूर्वी खरिपात ज्वारीच्या ओळींत तूर, मूग, उडीद, अंबाडी, तीळ, कारळे पेरले जात. एखादे पीक गेले तरी दुसरे हाती लागे. गेल्या दोन-अडीच दशकांत सोयाबीनने आणि कापसाने खरीप व्यापला, आणि जेथे पाणी आले तेथे उसाने. सोयाबीनच्या सलग रानात तणनाशक फवारले जाते आणि त्यात कुंजीर, पाथरी, घोळ, तांदुळजा या रानभाज्याही तण म्हणूनच जळतात. जमिनीच्या वाटण्या झाल्या तसे बांध कोरले गेले आणि बांधावरच्या बोरी, हिवर, खैर यंत्राने उपटल्या गेल्या. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. सोयाबीन विकून लगेच पैसे होतात आणि कारळ्याला गिऱ्हाईक नसते, हे त्याचे साधे गणित आहे.

हे गणित बदलण्याचा एक प्रयत्न मराठवाड्यातच झाला आहे आणि तो बायकांनी केला आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर, धाराशिव भागांत महिला शेतकऱ्यांसोबत एक एकराची पद्धत रुजवली. घरच्या जमिनीतील एखादा एकर, कधी अर्धाच, बाईने आपल्या निर्णयाने कसायचा, त्यात धान्य, कडधान्य आणि भाजीपाला अशी घरी खाण्याची अनेक पिके कमी पाण्यावर आणि सेंद्रिय खतावर घ्यायची, आणि उरेल ते विकायचे. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. यात जैवविविधता हा शब्द कोणी फारसा वापरला नसेल. पण नगदी पिकाला हात न लावता विविधतेला शेतात जागा करून देण्याची ही व्यवहार्य वाट आहे.

कायदा काय सांगतो

रिओ येथे १९९२ साली झालेल्या जागतिक परिषदेत जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार पुढे आला. भारताने तो १९९४ साली स्वीकारला आणि त्यानुसार जैविक विविधता अधिनियम, २००२ केला. या कायद्याने तीन पायऱ्यांची रचना उभी केली. देशपातळीवर चेन्नईचे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, राज्यपातळीवर नागपूरचे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, आणि प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका अशा स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती. कलम ४१ नुसार ही समिती स्थापन करणे स्थानिक संस्थेवर बंधनकारक आहे; इच्छेचा प्रश्न नाही.

समितीच्या रचनेबाबत २००४ च्या केंद्रीय नियमांत अध्यक्ष आणि सहा सदस्य अशी तरतूद होती, आणि त्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला व किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असावेत अशी अट होती. कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि सदस्यसंख्या ७ ते ११ अशी ठरली. समितीची कामे थोडक्यात अशी : गावातील सजीवसृष्टी आणि तिच्याविषयीचे लोकांचे ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे, त्यांच्या रक्षणासाठी व शाश्वत वापरासाठी पावले उचलणे, आणि व्यापारी हेतूने गावच्या हद्दीतून जैविक साधने गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेणे. या शेवटच्या मुद्द्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. गावातला माणूस तरोट्याची भाजी खुडतो किंवा वैदू आघाड्याची मुळी काढतो, तेव्हा त्याला कोणाची परवानगी लागत नाही. स्थानिक लोकांना आणि परंपरागत वैद्यांना कायद्याने मोकळीक दिलेली आहे. बाहेरचा व्यापारी ट्रक लावून माल उचलू लागला, तर मात्र समिती त्याच्याकडे शुल्क मागू शकते. तो पैसा गावाच्या जैवविविधता निधीत जमा होतो.

याखेरीज, एखादी जागा विशेष महत्त्वाची असेल तर स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य शासन तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करू शकते. सिंधुदुर्गातील आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळची पाण्याची जागा २०२१ साली अशी घोषित झाली, कारण तेथे एका नव्याने सापडलेल्या छोट्या माशाचा अधिवास आहे. वारसा स्थळ व्हायला हजार हेक्टरांचे रान लागत नाही. मराठवाड्यातील एखादा राखलेला डोह किंवा जुन्या गवतांचा माळही त्या निकषांत बसू शकतो, मात्र मागणी गावातून उठली पाहिजे.

एवढी चांगली तरतूद असून ती कागदावर का राहिली? देशभर समित्या आणि नोंदवह्या रखडल्या, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० पर्यंत सर्व काम पूर्ण करण्याची मुदत दिली आणि न करणाऱ्या राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरण्याची ताकीद दिली. परिणाम अपेक्षित होता तसाच झाला. समित्या धडाधड स्थापन झाल्या, नोंदवह्या बाहेरच्या संस्थांकडून भरून घेतल्या गेल्या. शेजारच्या दोन गावांच्या नोंदवहीत झाडांची यादी ओळीने सारखी असेल, किंवा माळावरच्या गावात कोकणातील वनस्पती नोंदलेली सापडेल, तर ती वही गावात बसून लिहिलेली नाही हे उघड आहे. आपल्या ग्रामपंचायतीतील वही मागून पाहण्याचा हक्क प्रत्येक ग्रामस्थाला आहे, आणि सुरुवात तेथूनच करावी.

नोंदवही खरी कशी होते

लोकांनी स्वतः आपल्या सजीवसृष्टीची वही लिहावी, ही कल्पना परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मांडली आणि पुढे ती कायद्यात आली. त्यांचा भर यादीवर नव्हता, जाणकारांवर होता. गावात कोणाला काय ठाऊक आहे, ते आधी शोधावे लागते. गवतांची नावे आणि कोणते गवत कोणत्या महिन्यात जनावर खाते, हे मेंढपाळाइतके कोणी सांगू शकत नाही. रानभाज्या आणि औषधी मुळ्या बायकांना ठाऊक असतात. मासे भोई समाजाच्या लोकांना. तित्तिर, ससा, घोरपड यांचा माग पारध्यांना. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात टेबलाभोवती बसून ही माहिती मिळत नाही, कारण ज्यांना ती आहे ते त्या टेबलापाशी क्वचितच बसतात.

एक नोंद कशी असावी, हे उदाहरणाने पाहू. समजा वाघाट्याची नोंद करायची आहे. नुसते "वाघाटी, वेल, औषधी" असे लिहिले तर त्याचा काही उपयोग नाही. उपयोगी नोंद अशी असेल : काटेरी वेल; पूर्वी पाणंदीच्या निवडुंगी कुंपणावर आणि ओढ्याच्या काठाला सर्रास; फळ आषाढात; आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना भाजी केली जाते; त्या वेळी तालुक्याच्या बाजारात विकायला येते; पाणंद रुंद केल्यावर कुंपण गेले आणि आता वेल फक्त ओढ्याच्या वरच्या अंगाला; माहिती देणारी अमुक वस्तीवरची बाई. एवढ्या पाच-सहा ओळींत वनस्पती, जागा, ऋतू, रिवाज, बाजार आणि ऱ्हासाचे कारण हे सगळे येते, आणि पुढे काय करायचे हेही त्यातच लिहिलेले असते : ओढ्याचा वरचा काठ तोडू नये आणि पाणंदीच्या कडेला वेल पुन्हा लावावा.

काय नोंदवू नये किंवा उघड करू नये, याचाही विचार करावा लागतो. मराठवाड्यात मांडूळ सापाची तस्करी आणि चंदनाच्या झाडांची चोरी या नेहमीच्या गोष्टी आहेत. मांडूळ कोणत्या बांधाला, चंदन कोणाच्या शेतात, घुबडाची ढोली कोणत्या वडात, हे तपशील जाहीर वहीत देणे म्हणजे चोराला पत्ता देणे होय. वैदूने आपले ज्ञान गुप्त ठेवावे असे सांगितले, तर ते गुप्तच ठेवले पाहिजे. पारधी समाजाच्या बाबतीत आणखी जपावे लागते, कारण शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि खरे बोलणारा माणूसच अडचणीत येऊ शकतो. प्राण्यांचा वावर कोठे आहे एवढेच विचारावे. कोणी काय धरले हे विचारू नये.

वही एकदा लिहून कपाटात ठेवायची नसते. पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात शिवारफेरी काढून तिच्यात भर घालावी लागते. शाळेतील वरच्या वर्गांची मुले हे काम उत्तम करतात, कारण त्यांना हिंडायला आवडते आणि आजी-आजोबांना प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही. विज्ञानाचे शिक्षक किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शास्त्रीय नावे जुळवून देऊ शकतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे आणि कृषी विज्ञान केंद्रांचे तज्ज्ञ पीकवाणांच्या ओळखीसाठी मदतीला येऊ शकतात.

नियम कोणाचे आणि कोणाच्या पोटावर

येथून पुढचा भाग अवघड आहे. "गावाने ठरवले" असे आपण सहज म्हणतो, पण गाव एकजिनसी नसते. गायरान हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मराठवाड्यात गायरानावर भूमिहीन दलित आणि भटक्या कुटुंबांनी जमिनी कसायला घेतल्या आणि त्या नावावर व्हाव्यात म्हणून अनेक दशके लढे दिले. सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात दिला, तेव्हाही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना नियमाने दिलेल्या जमिनींना अपवाद ठेवला. जैवविविधतेचे नाव पुढे करून या कुटुंबांना हुसकावणे आणि त्याच गायरानातून निघणाऱ्या मुरमाच्या गाड्यांकडे डोळेझाक करणे, हा प्रकार जेथे होतो तेथे समितीवर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये.

चराईबंदीचेही असेच आहे. आदर्श गावांच्या गोष्टींत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द फार कौतुकाने येतात. बंदीचा फायदा खरा आहे, पण तिचा भार ज्याच्याकडे शेत नाही आणि चार शेळ्या आहेत त्याच्यावर पडतो. म्हणून सरसकट बंदीपेक्षा आळीपाळीची चराई बरी. गवताचे शास्त्र तेथे मदतीला येते. मृगाच्या पावसानंतर गवताला फुटवा येत असताना जनावर घातले तर ते कोवळा कोंबच खाते आणि बहुवर्षायू गवतांची गड्डी कमजोर होते. वर्षानुवर्षे असे झाले की पवन्या आणि मारवेल नाहीसे होतात आणि कुसळी, तरोटा, गाजरगवत उरते. माळाचे चार-पाच पट्टे करून दर वर्षी त्यातला एक बी पडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, राखला तर त्या पट्ट्यात चांगली गवते आपोआप परततात. राखलेल्या पट्ट्यातील गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीन शेळीवाल्या कुटुंबांना दिला, तर राखणही तीच कुटुंबे करतात. बाहेरून येणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांनाही नियमात जागा ठेवावी. रानात मेंढ्या बसवल्या की खत मिळते, हे शेतकरी जाणतोच. शिवाय मेंढ्यांच्या लेंड्यांतून आणि लोकरीतून गवताचे बीही फिरते.

परक्या वनस्पतींबाबत थोडा विवेक हवा. वेडी बाभूळ मूळची अमेरिकेची. तिने तलावांचे काठ आणि माळ इतके व्यापले, की तिच्याखाली दुसरे काही उगवत नाही. पण सीताफळही अमेरिकेतूनच आले आहे. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर ते रुजले, माणसांना आणि पक्ष्यांना फळ देऊ लागले आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. झाड कोठून आले यापेक्षा ते इतरांना जागा ठेवते की नाही, हे पाहावे. वेडी बाभूळ काढतानाही ती गरिबांचे सरपण आहे हे लक्षात ठेवून टप्प्याटप्प्याने काढावी आणि मोकळ्या जागेत लगेच गवत किंवा हिवर-बोरी घ्याव्यात, नाहीतर ती बुंध्यातून दुप्पट फुटते. गाजरगवतासाठी मेक्सिकन भुंगे सोडण्याचा उपाय आहे. हे भुंगे पावसाळ्यात गाजरगवताचा पाला खातात.

ओढ्याचा प्रश्न जलसंधारणाशी जोडलेला आहे. जलयुक्त शिवार अभियान २०१४ च्या डिसेंबरात सुरू झाले आणि नाल्यांचे खोलीकरण-रुंदीकरण गावोगाव झाले. दुष्काळात पाण्याची निकड कोणी नाकारत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पण यंत्राने ओढा सरळ, उभ्या काठांचा आणि तळाला खडक उघडा पडेपर्यंत खोदला, की काठावरची करंज-उंबरांची रांग जाते, वाळू जाते आणि माशांना अंडी घालायला उथळ जागा उरत नाही. पुढच्या वेळी काम मंजूर करताना ग्रामसभेने दोन अटी घालाव्यात : एका तरी काठाचा उतार आणि झाडे तशीच ठेवायची, आणि प्रत्येक टप्प्यात एक डोह न खणता सोडायचा. पहिल्या पुराला चढणीचे मासे अंडी घेऊन वर निघतात, तेव्हा बांधाच्या सांडव्यावर त्यांना टोपलीने उपसण्याची पद्धत गावोगाव आहे. पुराचे पहिले काही दिवस ती थांबवली तर भाद्रपदात तेच मासे कित्येक पटींनी मिळतात, हे भोई मंडळींना नवे सांगावे लागत नाही.

रोही, हरणे आणि रानडुकरे यांच्याविषयी बोलल्याशिवाय मात्र कोणताही शेतकरी या विषयावर पुढे ऐकून घेणार नाही. रात्रभर राखण करूनही हरभरा फस्त होतो, तेव्हा त्याला जैवविविधतेचे कौतुक सांगणे हा त्याच्या कष्टांचा अपमान ठरतो. पीकनुकसानीसाठी वनविभागाकडून भरपाईची तरतूद आहे. पण वेळेत अर्ज, पंचनामा आणि कागदपत्रे यांत बहुतेकांची दमछाक होते. समितीने हे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घेतले, तर तिचे गावात पहिले वजन तेथेच पडते. लांडग्यांची संख्या घटली की रानडुकरांची पिले आणि हरणांची पाडसे यांच्यावरचा नैसर्गिक दाब कमी होतो, हेही शेतकऱ्याला पटते, मात्र आधी त्याचा अर्ज मार्गी लागलेला असावा.

पैसा कोठून

समितीच्या हाती मोठा निधी नसतो, हे खरे आहे. व्यापारी शुल्कातून येणारी रक्कम बहुतेक गावांत नगण्य राहील. म्हणून गवताची लागवड, दगडी बांध, रोपवाटिका ही कामे ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात आणि रोजगार हमीत बसवावी लागतात. नोंदवहीतील नोंद त्या मागणीला आधार देते. बियाण्यांचे रक्षण करणाऱ्या शेतकऱ्याला किंवा गावाला आपला वाण २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली स्वतःच्या नावे नोंदवता येतो. भौगोलिक मानांकन हा आणखी एक मार्ग आहे. जालन्याची दगडी ज्वारी, लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना अलीकडे ते मिळाले आहे. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते, झाडाचे नाही. चिंचेला मानांकन मिळाले तरी रस्ता रुंद करताना जुनी चिंच तोडायला ते आड येत नाही. त्यासाठी त्या झाडांची जागेनिशी आणि बुंध्याच्या घेरानिशी नोंद वहीत असावी लागते, आणि झाडे तोडण्याची परवानगी मागितली गेली की तीच नोंद पुढे करून ग्रामसभेला लेखी हरकत घेता येते.